‘बीजमाता’ म्हटलं की काय सुटतं?



आजचा विषय आहे राहीबाई सोमा पोपेरे यांचं चरित्र. नेमकं सांगायचं तर, ते चरित्र आपण मराठी माणसं कसं सांगतो, हा. राहीबाईंचा सत्कार करण्यासाठी हे व्याख्यान नाही. सत्कार पुष्कळ झाले आणि ते व्हायलाच हवे होते. आम्हाला बोलायचंय ते त्यांच्याविषयी जे लिहिलं-बोललं जातं त्याबद्दल. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतले लेख, मुलाखती, स्पर्धा परीक्षांच्या टिपणांतल्या चार ओळी, स्नेहसंमेलनातली भाषणं, आठ मार्चला मोबाइलवर फिरणारे संदेश. हे सगळं एका बैठकीत वाचलं की लक्षात येतं, हा आता एक वाङ्मयप्रकारच झालाय. त्याचा साचा ठरलाय, शब्द ठरलेत, कुठे टाळ्या घ्यायच्या तेही ठरलंय. कादंबरीची, नाटकाची समीक्षा करतो तशी याचीही करायला हवी, कारण बहुसंख्य माणसं राहीबाईंना ओळखतात ती यातूनच.

आधी ठाऊक असलेल्या गोष्टी. राहीबाईंचा जन्म १९६४ सालचा. गाव कोंभाळणे, तालुका अकोले, जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. आपल्याला हे गाव परकं नाही. आपला सिन्नर आणि इगतपुरी तालुका जिथे संपतो तिथे अकोले सुरू होतं. कळसूबाईचं शिखर तर दोन्ही जिल्ह्यांच्या शिवेवर उभं आहे. समाज महादेव कोळी. शाळेत जाणं झालं नाही, लहानपणापासून शेतात काम. पुढे त्यांनी परिसरातल्या गावठी वाणांचं बी जमवायला सुरुवात केली. वालाचे, घेवड्याचे प्रकार, भाताचे जुने वाण, पालेभाज्या, वेलभाज्या. परसबागा उभ्या केल्या, शेजारच्या बायांना बी दिलं. ‘बायफ’ ही संस्था या कामाशी जोडली गेली, बियाणं बँक उभी राहिली, कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समितीत त्या काम करू लागल्या. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना ‘सीड मदर’ म्हटलं. त्याचं मराठीत ‘बीजमाता’ झालं. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं. त्याच वर्षासाठीचा नारीशक्ती पुरस्कार २०१९ मध्ये मिळाला. २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते ती स्वीकारायला त्या दिल्लीला गेल्या.

आता साचा बघू. बहुतेक लेखांत चार पायऱ्या असतात. पहिली, बाई निरक्षर. दुसरी, नातू आजारी पडला. फवारणीच्या भाज्यांमुळे पडला असं आजीला वाटलं. तिसरी, घरात मडक्यांतून, डब्यांतून बियाणं. चौथी, राष्ट्रपती भवन. या चारही गोष्टी खऱ्या आहेत. नातवाची गोष्ट तर राहीबाई स्वतःच सांगत आल्या आहेत. आमचा आक्षेप पायऱ्यांना नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मधल्या रिकाम्या जागेला आहे. नातू आजारी पडला, आणि एकदम घर बियाण्यांनी भरलं. मध्ये किती वर्षं गेली? पहिलं बी कुठून आणलं? कुणी दिलं? दिलेलं बी तेच आहे, भलतं नाही, हे कसं ओळखलं? पेरलं तेव्हा काय उगवलं? काय वाया गेलं? चरित्र म्हणावं तर ते याच मधल्या भागात आहे, आणि आपले लेख नेमका तोच भाग एका वाक्यात उरकतात.

आणि जरा विचार करा. फवारलेल्या भाजीचा संशय आला तर माणूस काय करेल? भाजी धुऊन घेईल, दुसरीकडून आणेल, फारच झालं तर घरची लावेल. ‘यावर उपाय जुन्या वाणात आहे’ हे सुचायला ते वाण आधी माहीत असावे लागतात. कोणता घेवडा फवारणीशिवाय तग धरतो, कोणता भात कमी पाण्यावर निसवतो, कुणाच्या परड्यात काय शिल्लक असेल, ही माहिती नातवाच्या आजारपणातून येत नाही. ती वर्षानुवर्षं शेतात वावरल्याने, बघण्याने, चाखण्याने साठलेली असते. आजारपणाने काम सुरू झालं असेल, ज्ञान त्याआधीचं आहे. आपण मात्र गोष्ट अशी सांगतो, जणू मायेच्या पोटी ज्ञान जन्माला आलं.

बी गोळा करणं हे काम नेमकं काय आहे, हे थोडं सविस्तर सांगायला हवं. नाशिकच्या श्रोत्यांपुढे ते सोपं जातं, कारण इथे अर्ध्या जणांच्या घरात कांदा नाहीतर द्राक्ष असतं.

पहिला प्रश्न, घ्यायचं काय? एका गावात जो ‘गोड वाल’ तो पलीकडच्या गावात वेगळाच निघतो. उलट दोन नावांचं बी एकच असू शकतं. नावावर विसंबून चालत नाही. शेजारी शेजारी लावून एक हंगाम बघावं लागतं: फूल पांढरं की जांभळं, शेंग चपटी की भरीव, शेंगेची कड कशी, दाणा केवढा, पहिला तोडा कधी, शिजायला किती वेळ. वालाच्या पुष्कळ गावठी प्रकारांना दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलं येत नाहीत. अवेळी पेरले तर वेल माजतो आणि शेंग दिसत नाही. हे ठाऊक नसलेला माणूस चांगलं बी ‘वांझ’ म्हणून फेकून देईल.

दुसरा प्रश्न, ते तेच कसं राहील? भाताचं फूल बहुधा स्वतःच्याच परागावर दाणा धरतं. म्हणून काळभात, रायभोग, जिरवेल हे वाण थोडी काळजी घेतली, भेसळीची रोपं उपटली, की शुद्ध राहतात. वालाचंही पुष्कळसं तसंच, तरी मधमाशी अधूनमधून घोटाळा करते. पण काकडी, दुधी, भोपळा यांचं सगळंच कीटकांच्या हातात. काकडीचे दोन प्रकार एकाच बांधाला लावले आणि बी धरलं, तर पुढच्या वर्षी दोन्हींतलं एकही धड हाती येत नाही. कांद्याचे डोंगळे लावणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. शेजारच्या रानात दुसऱ्या रंगाच्या कांद्याचे डोंगळे असले की आपलं बी गेलं, हे तो जाणतो; म्हणून तो लांबचं रान बघतो. हे विलगीकरणाचं शास्त्र आहे. ते परसबागेत, दोन-चार गुंठ्यांत, शेजारणींच्या वेलांच्या सोबतीनं सांभाळायचं तर फार डोकं लागतं.

तिसरा प्रश्न, जिवंत कसं ठेवायचं? ओल आणि भुंगा हे बियाण्याचे दोन वैरी. त्यासाठी राख, कडुनिंबाचा पाला, शेणानं लिंपलेली कणगी, चुलीवरच्या धुरात टांगलेली कणसं. हे उपाय आपल्या घराघरांत होते. पण ते साऱ्या बियांना सारखे लागू पडत नाहीत. कांद्याचं बी वर्षभरात उगवण गमावू लागतं. धान्याचं त्याहून बरंच टिकतं. म्हणजे कशाचं बी दर वर्षी पेरून ताजं करायचं आणि कशाचं ठेवून चालेल, याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. एक वर्ष चुकलं की तो वाण त्या घरातून गेला.

आणि चौथा, द्यायचं कसं? एकाच घरात ठेवलेलं बी आग, पाऊस, उंदीर कशानंही संपतं. दहा घरांत गेलं की वाचतं. म्हणून जागोजागी बी देताना परतफेडीची रीत असते. नेलं त्याहून वाढवून आणून द्यायचं. यात कोण बी खाऊन टाकील, कोण निगुतीनं वाढवील, ही माणसांची पारखही आली.

आता पुन्हा आपल्या लेखांकडे वळू आणि त्यांतली क्रियापदं तपासू. राहीबाईंनी बियाणं ‘जपलं’, ‘सांभाळलं’, ‘जतन केलं’, ‘वाचवलं’. ‘निवडलं’, ‘पारखलं’, ‘ताडून पाहिलं’, ‘वेगळं काढलं’ ही क्रियापदं क्वचितच भेटतात. जपायला माया पुरते. निवडायला डोकं लागतं. शब्द साधे आहेत, पण त्यांनी कामाची अर्धी बाजू झाकली जाते.

हे सगळ्याच शेतकऱ्यांच्या बाबतीत होतं का? नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड फकिरी गावचे दादाजी खोब्रागडे घ्या. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या भाताच्या शेतात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या काढून, वर्षानुवर्षं पेरून त्यांनी जो वाण काढला तो ‘एचएमटी’. शिक्षण तिसरीपर्यंत. त्यांच्या वाट्याला उपेक्षा आली, श्रेयाचा झगडा आला, २०१८ मध्ये ते गेले तेही हलाखीत. पण मराठीनं त्यांना शब्द दिला तो ‘संशोधक’. ‘धानपिता’ असं कुणी म्हटलं नाही. आपल्या द्राक्षबागांतलं उदाहरण घ्या. तासगावकडच्या वसंतराव आर्व्यांनी थॉमसनच्या बागेतून ‘तास-ए-गणेश’ निवडली. सोलापूरकडच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी ‘सोनाका’ दिली. त्यांच्याविषयी लिहिताना आपण म्हणतो, वाण ‘शोधला’, ‘विकसित केला’. त्यांना बापपण चिकटवत नाही. नजरेनं वेगळं झाड हेरणं, ते वेगळं काढणं, वाढवणं, लोकांना देणं, हे सगळं जसं तिथे तसंच इथे. फरक इतकाच की तिथे बाप्या आहे आणि इथे बाई आहे.

मराठीची ही सवयच आहे. बाईला मोठं म्हणायचं तर आधी तिची आई करायची. सिंधुताई सपकाळ ‘माई’ झाल्या, ‘अनाथांची माय’ झाल्या. त्यांनी संस्था कशा चालवल्या, पैसे कसे उभे केले, यावर फार कमी बोललं गेलं. आई म्हटलं की हिशेब संपतो. आईला कुणी पद्धत विचारत नाही, पगार विचारत नाही, आणि आईशी कुणी वादही घालत नाही. ज्याच्याशी वाद घालता येत नाही तो अभ्यासक कसा ठरेल?

दुसरा शब्द, ‘असूनही’. ‘निरक्षर असूनही एवढं ज्ञान.’ या ‘असूनही’त एक गृहीत दडलंय: ज्ञान अक्षरांतूनच येतं, आणि ही बाई अपवाद आहे. शेतीच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. भात, ज्वारी, वाल यांचे हजारो वाण लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनीच, आणि बी निवडून ठेवण्याचं काम बऱ्याच ठिकाणी घरातल्या बायांकडे असल्याने त्यांनीच, घडवले. राहीबाई या परंपरेतल्या अपवाद नाहीत, तिच्या जाणत्या वारसदार आहेत. त्यांना चमत्कार म्हटलं की परंपरेचं देणं बुडतं.

इथे आणखी एका बाईंना शेजारी बसवून पाहावंसं वाटतं. जानकी अम्माळ. केरळातल्या तेल्लीचेरीचा १८९७ चा जन्म. मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट, कोइमतूरला उसावर काम, मग इंग्लंड. १९४५ मध्ये डार्लिंग्टन यांच्यासोबत लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा कोश. विस्ली इथल्या उद्यानात मॅग्नोलियावर काम. तिथल्या एका मॅग्नोलियाला त्यांचं नाव आहे. नेहरूंच्या बोलावण्यावरून परत येऊन भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची पुनर्रचना. १९५५ मध्ये प्रिन्स्टनला, माणसानं पृथ्वीचं रूप कसं पालटलं या विषयावर जगभरच्या विद्वानांची परिषद भरली. तिथे त्या एकट्या स्त्री होत्या, आणि बोलल्या त्या भारतातल्या पोटापुरत्या शेतीबद्दल. म्हणजे राहीबाईंसारख्या माणसांच्या शेतीबद्दलच. म्हातारपणी सायलेंट व्हॅलीच्या जंगलासाठी त्या उभ्या राहिल्या. पद्मश्री १९७७ मध्ये.

दोघींना एकच पदक मिळालं, चरित्रं मात्र दोन तऱ्हेची. जानकी अम्माळांचं चरित्र लिहिणाऱ्यापुढे कागद असतो: कोणतं झाड, कुठून, कोणत्या साली, काय मोजलं. म्हणून कुणी त्यांना ‘उसाची आई’ म्हणून मोकळं होत नाही. राहीबाईंचा कागद त्यांच्या डोक्यात आहे. तो उतरवून घेणं हे लिहिणाऱ्याचं काम होतं. आपण लिहिणाऱ्यांनी ते काम टाळलं आणि त्याऐवजी विशेषण दिलं.

आता आमच्यावर येणारे दोन आक्षेप.

पहिला असा, की ‘माता’ हा शब्द गावचाच आहे. शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो. माशेलकरांनी तो आदरानं दिला, बाईंनी आनंदानं स्वीकारला. तुम्ही शहरात बसून त्यात खोट काढणारे कोण? मान्य. शब्द काढून टाका असं आम्ही म्हणतच नाही. एका शास्त्रज्ञानं तो दिला, म्हणजे त्यानं काहीतरी पाहिलं असणार. आमचं म्हणणं, तो शब्द वर्णनाच्या शेवटी यावा. आज तो वर्णनाच्या जागी येतो.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. राहीबाईंना ‘संशोधक’, ‘वनस्पतिसंग्राहक’ म्हणायचं, म्हणजे आपल्या विद्यापीठी मापानं त्यांना मोजायचं का? त्यांच्या ज्ञानाला आपल्या शिक्क्याची गरज काय? हा प्रश्न टाळता येत नाही. आमचं उत्तर असं: शिक्का त्यांना नको असेल, पण नोंद त्यांच्या गावाला हवी आहे. ती का, ते सांगतो.

आपल्याकडे २००१ चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्यातलं ३९ वं कलम शेतकऱ्याला बी ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचाही हक्क देतं. अट एवढीच की ते छाप मारलेलं, ब्रँडचं बियाणं म्हणून विकायचं नाही. जुने वाण राखणाऱ्या शेतकऱ्यांना जनुक निधीतून गौरव आणि बक्षीस द्यावं हेही त्याच कलमात आहे. आणि ४१ वं कलम त्याहून पुढे जातं. एखादा वाण घडवण्यात गावाचा, स्थानिक समाजाचा हातभार असेल, तर गावाच्या वतीनं दावा मांडता येतो. दावा मांडायचा तर पुरावा लागतो. हा घेवडा कोणत्या पाड्यावरचा, कुणाच्या घरात किती पिढ्या, कुणी कुणाला दिला. ‘बीजमातेनं शेकडो वाण वाचवले’ या वाक्यानं असा दावा उभा राहत नाही. उलट अडचण होते. सगळं श्रेय एका नावाखाली गेलं की ज्या बायांनी पदराच्या गाठीतून मूठमूठ बी आणून दिलं त्यांची नावं पुसली जातात. गावाचा हक्क एका व्यक्तीच्या कौतुकात विरघळून जातो. राहीबाईंनी असं व्हावं म्हणून काम केलं नाही. बी गावाचं आहे या समजुतीवरच त्यांचं सारं काम उभं आहे.

आकड्यांचं बघा. एका लेखात वाणांचा एक आकडा, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, तिसऱ्यात तिसराच. कारण पीक म्हणजे काय आणि वाण म्हणजे काय हे लिहिणाऱ्यानं वेगळं केलेलं नसतं. वाल हे एक पीक. त्याचे गावठी प्रकार दहा असतील तर ते दहा वाण. कांद्याच्या बाजारात उन्हाळ आणि लाल यांत घोळ केलात तर व्यापारी तुम्हाला उभं करणार नाही. राहीबाईंबद्दल लिहिताना मात्र हा घोळ चालतो, कारण तिथे आकडा कौतुकासाठी असतो, माहितीसाठी नसतो.

नोंदीचं महत्त्व आणखी एका कारणानं. सरकारी जनुकपेढ्यांत बी उणे अठरा अंशांना गोठवून ठेवतात. ते गरजेचं आहे. पण गोठलेलं बी आहे तिथेच थांबतं. शेतातलं बी दर वर्षी पाऊस बघतं, कीड बघतं, बाईच्या निवडीतून जातं आणि थोडं थोडं बदलत राहतं. पेढीत वाण सुरक्षित राहील, पण ‘हे कणीस ठेव, ते नको’ हे सांगणारी नजर तिथे ठेवता येत नाही. ती नजर एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. सोबत काम करताना, नाहीतर कुणी नीट लिहून ठेवली तर. राहीबाईंच्या चरित्रात ती नजर आली नाही, तर पुढच्या पिढीच्या हाती मडकी लागतील, त्यांत काय का ठेवलं ते कळणार नाही.

मग हवं तसं चरित्र कसं असेल? आम्हाला वाटतं, ते निम्मं नोंदवही असेल. एकेका वाणाचं पान असेल: स्थानिक नाव, कोणत्या पाड्यावर मिळाला, देणाऱ्या बाईचं नाव, तिची हरकत नसेल तर, कधी पेरला, काय खुणा, कशासाठी खातात, काय जमलं नाही. त्यात गेलेल्या वाणांचीही यादी असेल, शोधूनही न सापडलेल्यांची. उरलेलं निम्मं राहीबाईंच्या तोंडचं असेल, त्यांच्या बोलीत, प्रमाण मराठीचं पाणी न घालता. कारण बियाण्याच्या खुणांचे शब्द त्या बोलीतच आहेत, आपल्या शब्दकोशांत ते सापडायचे नाहीत. आणि त्यात त्यांच्याशी मतभेदही असतील. कुठल्या वाणाच्या बाबतीत शेजारीण वेगळं सांगते, भाताचा अभ्यासक वेगळं सांगतो, तेही यावं. माणसाला अभ्यासक मानण्याची खूण हीच.

हे काम फार खर्चाचं नाही. नाशिकहून अकोले काही परदेश नाही. आपल्याकडे वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आहेत, मराठीचे आहेत. दोघांनी जोडीनं जावं, बीबियाण्याच्या हंगामात जावं, पुन्हा पुन्हा जावं, आणि समितीतल्या बायांना विचारून, त्यांच्या सोयीनं बसावं. जाताना पुष्पगुच्छ नेऊ नये. वही न्यावी. लिहून झालं की तिची एक प्रत गावातच ठेवावी.

एवढं मांडून आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.